लुई पाश्चर : बिअरच्या पिंपापासून रेबीजच्या लसीपर्यंत

दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही रोज पाहता. कुत्रा चावला की दवाखान्यात जाऊन लस घेता. ऑपरेशनच्या आधी सर्व हत्यारे निर्जंतुक केलेली असतात, हे गृहीत धरता. या तिन्ही गोष्टींचे धागे मागे नेत गेलो, तर ते एकाच माणसापाशी पोहोचतात. त्यांचे नाव लुई पाश्चर. गंमत अशी की ते डॉक्टर नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि जंतूंशी त्यांची खरी ओळख झाली ती दारूच्या कारखान्यात, आंबणाऱ्या रसाच्या हौदापाशी.

रुग्णांच्या मनात जंतूंविषयी दोन टोकाच्या समजुती असतात. काहींना वाटते, जंतू म्हणजे सगळे वाईटच. काहींना वाटते, दह्यातले, इडलीच्या पिठातले जंतू चालतात, मग बाकीच्यांची एवढी भीती कशाला? पाश्चर यांचे आयुष्य समजून घेतले की या गोंधळाचे उत्तर आपोआप मिळते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील चामडे कमावण्याचा धंदा करत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या छोट्या गावात स्थायिक झाले. हा भाग द्राक्षमळ्यांचा आणि वाईनचा. म्हणजे आंबवण्याची क्रिया या मुलाच्या आजूबाजूला लहानपणापासूनच होती.

शाळेत ते फार चमकणारे विद्यार्थी नव्हते. चित्रे मात्र सुंदर काढत. आईवडिलांची त्यांनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवली आहेत. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांना शिकायला पॅरिसला पाठवले, पण घरची आठवण सहन न होऊन ते काही आठवड्यांतच परत आले. 1843 मध्ये मात्र पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामवंत संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला आणि मग मागे वळून पाहणे झाले नाही.

1848 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी पहिला मोठा शोध लावला. वाईनच्या पिंपात साचणाऱ्या क्षारांपासून मिळणाऱ्या आम्लाचे स्फटिक त्यांनी भिंगाखाली पाहिले. काही स्फटिक उजव्या हातासारखे, तर काही डाव्या हातासारखे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे होते. चिमट्याने एकेक उचलून त्यांनी ते वेगळे केले. आज औषधांच्या रसायनशास्त्रात या ‘डाव्या-उजव्या’ रचनेला फार महत्त्व आहे. एकाच औषधाच्या दोन रूपांपैकी एक गुणकारी आणि दुसरे निरुपयोगी असू शकते. हे दालन पाश्चर यांनी उघडले.

1849 मध्ये त्यांचे लग्न मारी लोराँ यांच्याशी झाले. मारीबाई त्यांच्या टिपणांच्या नकला करत, ते सांगत ते लिहून घेत. त्यांच्या कामात पत्नीचा वाटा मोठा आहे.

लिलमधले बिघडलेले हौद

1854 मध्ये पाश्चर उत्तर फ्रान्समधल्या लिल या औद्योगिक शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तिथे बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनवण्याचे कारखाने होते. 1856 मध्ये बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे अडचण घेऊन आले. काही हौदांत रस व्यवस्थित आंबून अल्कोहोल तयार होई. काही हौदांत मात्र तोच रस, तीच पद्धत असूनही आंबूस, चिकट, वाया गेलेले पाणी हाती लागे.

पाश्चर यांनी दोन्ही प्रकारच्या हौदांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या हौदात गोलसर, टपोऱ्या पेशी दिसल्या. हेच यीस्ट. बिघडलेल्या हौदात त्याहून खूप लहान, काडीसारखे जीव वळवळत होते आणि त्या रसात लॅक्टिक आम्ल होते. हे तेच आम्ल, ज्यामुळे आपले दही आंबट लागते.

त्या काळी बहुतेक मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचे मत वेगळे होते. यीस्टच्या पेशी जिवंत असाव्यात, हे 1837 च्या सुमारास दोन-तीन संशोधकांनी सांगितले होते. पण जर्मनीतले लिबिग यांच्यासारखे दिग्गज म्हणत की आंबणे ही केवळ कुजण्यातून होणारी रासायनिक क्रिया आहे. पाश्चर यांनी 1857 मध्ये लॅक्टिक किण्वनावर निबंध सादर केला आणि त्यानंतर अल्कोहोलच्या किण्वनावर सविस्तर काम केले. त्यांचे म्हणणे सोपे होते. आंबवणे हे जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा सूक्ष्मजीव आहे.

हे दुसरे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक संसर्गजन्य आजारामागे ठराविक जंतू असतो, हा जो विचार वैद्यकशास्त्रात आला, त्याचे बीज इथे आहे.

यीस्ट नेमके काय करते?

परदेशात राहणारे आपले काही वाचक, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे, हौसेने घरी बिअर करतात. बुडबुडे थांबले म्हणजे बिघडली का? वर तपकिरी फेस आला, तो विषारी तर नाही? अशा त्यांच्या शंका असतात. पाश्चर यांनी जे शोधले, त्याच्या आधारे ही क्रिया समजून घेऊ.

बिअर बनते मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजे मॉल्टपासून. मॉल्ट गरम पाण्यात ठेवले की त्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. यानंतर साधारण असे घडते.

पहिले काही तास, कधी जवळपास एक दिवस, वरून काहीच दिसत नाही. पण यीस्ट निजलेले नसते. ते काढ्यात विरघळलेला प्राणवायू वापरून आपली संख्या वाढवण्याच्या तयारीत असते. पाश्चर यांना असे आढळले की हवा मिळाली तर यीस्ट भराभर वाढते, पण त्या मानाने साखरेचे अल्कोहोल कमी करते. हवा संपली की ते आंबवण्याच्या कामाला लागते. म्हणून यीस्ट घालताना काढ्याला हवा लागू देतात आणि नंतर मात्र हवा आत जाऊ देत नाहीत.

त्यानंतर जोर सुरू होतो. साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. वायूचे बुडबुडे वर येतात, वर जाड फेस जमतो, त्यावर तपकिरी, कडवट मळी दिसते. दोन-चार दिवस हा जोर राहतो. हे सगळे नॉर्मल आहे. पाश्चर यांनी हेही दाखवले की अल्कोहोलबरोबर थोडे ग्लिसरीन आणि सक्सिनिक आम्लही तयार होते. म्हणजे ही कागदावरच्या समीकरणाइतकी सरळ क्रिया नाही, जिवंत पेशीचा तो संसार आहे.

मग साखर कमी होत जाते, फेस बसतो, बुडबुडे मंदावतात आणि यीस्ट तळाशी साचते. इथे लोक फसतात. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, असे नसते. आणि अधूनमधून एखादा बुडबुडा आला म्हणजे काम चालूच आहे, असेही नसते. खोलीचे तापमान वाढले, तरी विरघळलेला वायू बाहेर पडतो. झाकण नीट बसले नसेल, तर आत जोरात काम चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत. खरे उत्तर मोजल्यावरच मिळते. हायड्रोमीटर नावाचे साधे काचेचे उपकरण द्रवाची घनता सांगते. साखर संपत जाते, तशी घनता उतरते. दोन-तीन दिवस आकडा अजिबात बदलला नाही आणि तो अपेक्षित पातळीला आलेला असेल, तर काम संपले. साखर शिल्लक असताना बाटल्या भरल्या, तर वायूच्या दाबाने त्या फुटतात आणि काचेने हात-डोळे जखमी होतात. डॉक्टर म्हणून मला या चुकीची सर्वांत जास्त काळजी वाटते.

वासाचेही तसेच. काही जातींच्या यीस्टमुळे सुरुवातीला गंधकासारखा वास येतो आणि नंतर तो जातो. पण व्हिनेगरसारखा आंबट दर्प, तारा सुटणारा चिकटपणा किंवा वर लोकरीसारखी बुरशी दिसली, तर दुसऱ्याच जंतूंनी शिरकाव केला असे समजावे. अशी बिअर फेकून द्यावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू बनवणे हा गुन्हा आहे. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणतीही दारू, अगदी बिअरही, घेऊ नये. हा लेख बिअर पिण्याची शिफारस करण्यासाठी नाही.

हंसाच्या मानेसारखे चंबू

1857 च्या अखेरीस पाश्चर पॅरिसला एकोल नोर्मालमध्ये परतले. प्रयोगशाळेसाठी त्यांना माळ्यावरची अडगळीची जागा मिळाली. तिथेच त्यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. हे सूक्ष्मजीव येतात कुठून? त्या काळी अनेकांना वाटे की कुजणाऱ्या पदार्थात ते आपोआप जन्म घेतात.

पाश्चर यांनी काचेच्या चंबूत पोषक द्रव भरला आणि चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब, वळणदार केली. द्रव उकळला. हवा आत जाऊ शकत होती, पण हवेतली धूळ त्या वळणात अडकत होती. द्रव महिनोन्महिने स्वच्छ राहिला. मान मोडली किंवा चंबू कलता करून द्रव त्या धुळीपर्यंत नेला की थोड्याच दिवसांत तो गढूळ होई.

1860 मध्ये त्यांनी असे निर्जंतुक द्रव भरलेले सीलबंद चंबू वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन उघडले आणि पुन्हा बंद केले. गावाजवळ उघडलेल्या 20 चंबूंपैकी 8 बिघडले. आल्प्समधल्या हिमनदीजवळ उघडलेल्या 20 पैकी फक्त 1 बिघडला. जिथे धूळ कमी, तिथे जंतू कमी. सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होत नाहीत, ते बाहेरून येतात. आणि बाहेरून येत असतील, तर त्यांना अडवता येते. रुग्णालयातल्या स्वच्छतेची सगळी इमारत या एका विचारावर उभी आहे.

1861 मध्ये त्यांनी आणखी एक आश्चर्य दाखवले. काही जंतू हवेशिवायच जगतात, उलट हवा लागली की मरतात. धनुर्वाताचे जंतू याच प्रकारचे. म्हणून खोल, बंद जखम उथळ खरचटण्यापेक्षा जास्त धोक्याची असते.

घरातले मृत्यू आणि स्वतःचे आजारपण

बाहेर कीर्ती वाढत होती, पण घरात एकामागून एक आघात होत होते. पाश्चर दांपत्याला पाच मुले झाली. थोरली जान 1859 मध्ये नऊ वर्षांची असताना विषमज्वराने, म्हणजे टायफॉइडने गेली. 1865 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय गेली. पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसिल, तीही टायफॉइडने. टायफॉइडचा जंतू तेव्हा कोणाला माहीत नव्हता, औषध तर दूरच. आज स्वच्छ पाणी, लस आणि वेळेवर दिलेले अँटिबायोटिक यांनी जो आजार बरा होतो, त्याने या घरातल्या दोन मुली नेल्या.

याच वर्षांत त्यांचे काम दोन आघाड्यांवर चालू होते. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या सांगण्यावरून त्यांनी वाईन का बिघडते, याचा अभ्यास केला. वाईन हवा न लागू देता साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवली, तर बिघडवणारे जंतू मरतात आणि चव टिकते, असे त्यांना आढळले. हेच पाश्चरायझेशन. दुधासाठी ही पद्धत नंतर रूढ झाली. आज डेअरीत दूध साधारण 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्याने क्षय, ब्रुसेलोसिस यांसारख्या आजारांचे जंतू मरतात. पण सगळेच जंतू मरत नाहीत, म्हणून पिशवीतले दूध फ्रिजमध्ये ठेवावे लागते. गोठ्यातून आणलेले कच्चे दूध मात्र नेहमी उकळूनच घ्या.

दुसरी आघाडी होती रेशीमकिड्यांची. 1865 पासून पाच वर्षे ते दक्षिण फ्रान्समधल्या आलेस भागात जात राहिले आणि किड्यांच्या साथीच्या आजारावर उपाय शोधला. निरोगी फुलपाखरांची अंडी सूक्ष्मदर्शकाने तपासून निवडायची, हा तो उपाय. आजार एका पिढीकडून दुसरीकडे आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे त्यांना इथे उमगले.

ऑक्टोबर 1868 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे 45. डावी बाजू लुळी पडली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी रेशीमकिड्यांवरचे टिपण सहकाऱ्याला सांगून लिहून घेतले. डावा हात आणि पाय पुढे कधीच पूर्ण बरा झाला नाही. पण ज्या कामासाठी जग त्यांना ओळखते, ते लसींचे सगळे काम या झटक्यानंतरचे आहे. ज्यांच्या घरात पक्षाघाताचा रुग्ण आहे, त्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

बिअरचा अभ्यास

1870-71 च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला. पाश्चर कट्टर देशाभिमानी. बॉन विद्यापीठाने दिलेली मानाची पदवी त्यांनी परत केली. जर्मनीची बिअर उत्तम मानली जाई, तेव्हा फ्रान्समध्ये तिच्या तोडीची बिअर व्हावी, या जिद्दीने त्यांनी 1871 मध्ये क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका ब्रुअरीत काम सुरू केले. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि व्हिटब्रेडच्या मोठ्या ब्रुअरीत यीस्टचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. यीस्टमध्ये मिसळलेले काडीसारखे जंतू त्यांनी तिथल्या लोकांना दाखवले. बिअरच्या बिघाडाचे कारण तेच होते.

1876 मध्ये बिअरवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिअरचे ‘आजार’, ते घडवणाऱ्या जंतूंची चित्रे, शुद्ध यीस्ट वापरण्याची गरज, उपकरणांची स्वच्छता हे सगळे त्यात आहे. पुढे 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. केवळ जिवाणूच नव्हे, रानटी यीस्टही बिअर बिघडवते, हे त्यांनी दाखवले आणि पाश्चर यांचे काम पूर्णत्वाला नेले.

आता डॉक्टरच्या नजरेने याकडे पाहा. चांगल्या पिंपातही फेस असतो, बिघडलेल्या पिंपातही असतो. फेस पाहून निदान होत नाही. आत कोणता जीव आहे, हे पाहावे लागते. तापाचेही तसेच आहे. ताप डेंग्यूचा, मलेरियाचा, टायफॉइडचा की साध्या सर्दीचा, हे नुसत्या थर्मामीटरवरून कळत नाही. म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. आणि म्हणूनच शेजाऱ्याला ज्या गोळ्यांनी बरे वाटले, त्याच गोळ्या तुम्ही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही आणि यीस्टवरही नाही.

बुडबुडे थांबण्याचा धडाही विसरू नका. क्षयरोगात औषध सुरू झाले की काही आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. वरून सगळे शांत होते. पण आत जंतू शिल्लक असतात. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेला, साधारणपणे सहा महिन्यांचा, कोर्स पूर्ण करावा लागतो.

कारखान्यातून दवाखान्यात

पाश्चर यांचे किण्वनावरचे लेखन वाचून ग्लासगोतले सर्जन जोसेफ लिस्टर यांना वाटले, हवेतल्या जंतूंनी रस बिघडतो, तर जखमा पिकण्यामागेही जंतूच असतील. 1865 पासून त्यांनी जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू घटले. 1874 मध्ये लिस्टर यांनी पत्र लिहून पाश्चर यांचे आभार मानले.

1879-80 मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना त्यांना आढळले की या जंतूंचे जुने, दुबळे झालेले वाण टोचले तर कोंबड्या मरत नाहीत. उलट नंतर ताजे जंतू टोचले तरी तगतात. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून लस बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. मे-जून 1881 मध्ये पुयी-ल-फोर या गावी त्यांनी अँथ्रॅक्सच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. 2 जूनला लोक जमले, तेव्हा लस दिलेली मेंढरे उभी होती आणि न दिलेली जवळपास सगळी मेलेली किंवा मरणाच्या दारात होती.

रेबीज

6 जुलै 1885 रोजी अल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोसेफ माइस्टरला, घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर डॉक्टर नसल्याने त्यांना टोचण्याचा अधिकार नव्हता. डॉक्टर ग्रांशे यांनी इंजेक्शने दिली. पिसाळलेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून बनवलेली ती लस होती. सुमारे दहा दिवसांत 13 टोचण्या झाल्या. त्या रात्री पाश्चर यांना झोप लागत नव्हती. मुलगा वाचला.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला चावा घेतल्यानंतर 37 दिवसांनी आणले गेले. उशीर झाला आहे हे माहीत असूनही पाश्चर यांनी नकार दिला नाही. ती वाचली नाही. मार्च 1886 पर्यंत 350 जणांना लस दिली गेली होती आणि दगावली ती हीच एक मुलगी.

या दोन मुलांच्या गोष्टीतला फरक तुम्ही कधीही विसरू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. लस उपयोगी पडते ती लक्षणांच्या आधी. कुत्रा, मांजर, माकड चावले किंवा ओरबाडले तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दिलेल्या तारखांचे सगळे डोस घ्या. आपल्याकडे जुन्या पिढीच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे. ती मज्जापेशींपासून बनवलेली जुनी लस आता वापरात नाही. आजची लस वेगळी, सुरक्षित आहे आणि ती दंडात देतात.

मुंबईशी नाते

जगभरातून आलेल्या देणग्यांतून 14 नोव्हेंबर 1888 रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. त्या संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन 1893 मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पाश्चर मात्र ते पाहायला नव्हते. 28 सप्टेंबर 1895 रोजी पॅरिसजवळ, वयाच्या 72 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्याही मर्यादा होत्या

थोर माणसाला देव करण्याची गरज नाही. पाश्चर हट्टी होते, विरोधकांशी कडवटपणे भांडत. त्यांच्या प्रयोगवह्या पुढे अभ्यासकांना खुल्या झाल्या, तेव्हा काही गोष्टी उजेडात आल्या. पुयी-ल-फोरच्या प्रयोगात वापरलेली लस त्यांच्या सहकाऱ्याच्या रासायनिक पद्धतीने बनवलेली होती, पण हे त्यांनी उघड केले नव्हते. आजच्या नियमांत असे चालणार नाही. कोणत्याही नव्या लसीच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने, नैतिक समितीच्या देखरेखीखाली आणि लेखी संमती घेऊनच होतात. ही व्यवस्था रुग्णाच्या रक्षणासाठी आहे.

शास्त्रातही एक दुरुस्ती झाली. 1897 मध्ये बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते, हे सिद्ध केले. म्हणजे काम करणारी रसायने, विकरे, असतातच. पण ती बनवते जिवंत पेशीच. लिबिग आणि पाश्चर, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सगळे सूक्ष्मजीव वाईट नसतात. कोणता, कुठे आणि किती, हे महत्त्वाचे.
- फेस, बुडबुडे, ताप ही वरची लक्षणे आहेत. कारण शोधल्याशिवाय उपचार करू नका.
- दही थोडे आंबट होणे, त्याला पाणी सुटणे नॉर्मल आहे. त्यावर गुलाबी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून बाकीचे खाऊ नका. सगळे टाकून द्या.
- कच्चे दूध उकळा. पिशवीतले दूध फ्रिजमध्ये ठेवा.
- बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा.
- प्राणी चावला तर जखम 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा, कारण बरीच मुले ओरडा बसेल या भीतीने चावल्याचे लपवतात.